हिंगणघाटचा सर्व्हेअर आणि माझी सरकलेली नदी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक मोठा ‘शोध’ लावला होता. नागपूरची नाग नदी सरकली आहे, असा तो शोध. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (५५ ओ/४, म्हणजे नागपूरचं शीट) स्कॅन केली, तिच्यावर आजची उपग्रह प्रतिमा टाकली, तर नदीचं पात्र दोन्हीत जुळेना. शे-दीडशे मीटरचा फरक! शहर वाढलं, पात्र बदललं, अशी स्लाइडसुद्धा तयार झाली. शंका राहू नये म्हणून सगळं काम पुन्हा केलं. एकदा नाही, चार वेळा. चारही वेळा तेवढाच फरक आला, आणि मग तर माझी खात्रीच पटली.

गाइडनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, “बरं, नदी सरकली. आणि रेल्वे लाइन?”

रेल्वे लाइनही सरकली होती. सीताबर्डीचा किल्लाही. मी लकडगंजमध्ये राहते, तर अख्खं लकडगंजही सरकलं होतं. सगळं एकाच दिशेला आणि साधारण सारखंच. झालं असं होतं की जुनी टोपोशीट ‘एव्हरेस्ट’ नावाच्या पृथ्वीच्या आकारावर काढलेली असते, आणि जीपीएस व उपग्रह प्रतिमा ‘डब्ल्यूजीएस ८४’ या दुसऱ्या आकारावर. मी सॉफ्टवेअरला ते सांगितलंच नव्हतं. नदी जागेवरच होती, चूक माझी होती.

माझं खरं दुखणं पुढे होतं. चार वेळा तपासूनही चूक दिसली कशी नाही? याचं उत्तर शोधताना मी त्या ‘एव्हरेस्ट’ आकाराच्या मागे मागे गेले आणि विल्यम लॅम्ब्टन या सरकारी सर्व्हेअरपर्यंत पोचले. गंमत म्हणजे हा माणूस वारला तो आपल्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, हिंगणघाटला. तारीख २० जानेवारी १८२३. त्याची कबरही तिथेच आहे. संशोधनाला लागण्याआधी ‘त्रुटी’ म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर या माणसाचं आयुष्य बघा असं मी सांगेन.

दोन वेगळ्या मोजण्या

सर्व्हेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो भूमी अभिलेखचा मोजणीदार. साखळी, बांध, गुंठे आणि सातबारा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ही मोजणी शेताचा तुकडा केवढा आहे ते सांगते. पण तो तुकडा पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे आहे, हे तिला सांगता येत नाही. शेकडो गावांचे नकाशे शेजारी शेजारी जोडत गेलं की प्रत्येकाची छोटी चूक पुढच्यात मिसळते, आणि शेवटी समुद्रकिनारा भलतीकडेच निघतो.

लॅम्ब्टनने केली ती दुसऱ्या प्रकारची मोजणी. आधी देशभर मोजके बिंदू अगदी पक्के बसवायचे, आणि बाकीचे सगळे नकाशे त्या बिंदूंना टांगायचे. त्याच्या मनात आणखी एक प्रश्न होता, तो शुद्ध विज्ञानाचा: पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे?

पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सारख्या लांबीचा नसतो, विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना तो वाढत जातो. आजच्या हिशेबाने ८ अंशावर, म्हणजे कन्याकुमारीजवळ, एक अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा भरतो आणि २१ अंशावर, म्हणजे आपल्या विदर्भात, ११०.७ किलोमीटरचा. फरक जेमतेम सव्वाशे मीटर. एकशेदहा किलोमीटर मोजायचे आणि त्यात सव्वाशे मीटरचा फरक ओळखून दाखवायचा, हे आव्हान होतं. तेही १८०० साली, डोंगर-जंगलातून.

हा माणूस आला कुठून?

लॅम्ब्टनचा जन्म १७५० च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधल्या एका साध्या घरातला. सैन्यात भरती झाला, अमेरिकेत गेला, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेल्या ब्रिटिश सैन्यात युद्धकैदी झाला. पुढे बरीच वर्षं कॅनडाच्या बाजूला न्यू ब्रन्सविकमध्ये काढली. तिथे त्याला मोजणीचा आणि गणिताचा नाद लागला. १७९० च्या दशकाच्या अखेरीस तो ३३ व्या रेजिमेंटबरोबर भारतात आला. या रेजिमेंटचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे १८०३ मध्ये आसईच्या लढाईत आपल्या इतिहासात भेटतो तोच.

१७९९ च्या म्हैसूर युद्धातली एक गोष्ट सांगितली जाते. रात्रीच्या कूचात तुकडी उत्तरेला जायच्या ऐवजी दक्षिणेला, टिपूच्या फौजेकडे, निघाली होती. लॅम्ब्टनने ताऱ्यांकडे बघून ते ओळखलं आणि सेनापतीला सांगितलं. टिपू पडला, मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला, आणि लॅम्ब्टनने द्वीपकल्प आडवं मोजण्याचा प्रस्ताव मांडला. तो १८०० मध्ये मंजूर झाला. म्हणजे या माणसाचं खरं काम सुरू झालं तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. ‘माझं वय निघून चाललंय’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कंपनीने पैसे दिले ते पृथ्वीचा आकार कळावा म्हणून नाही. जिंकलेल्या मुलखात फौज न्यायची होती, महसूल बसवायचा होता. प्रश्न शुद्ध विज्ञानाचा होता, पण खर्चाची वही साम्राज्याची होती. आणि साखळ्या, तंबू, झेंडे, दुर्बिणी डोंगरावर वाहून नेणारे शेकडो खलाशी आणि हमाल इथलेच होते. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा अहवालात नाहीत.

त्रिकोणांची साखळी

पद्धत समजायला सोपी आहे. समजा, लकडगंजच्या कच्छी वीसा मैदानावर दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यातलं अंतर नीट मोजलं. आता दोन्ही खुंट्यांवर उभं राहून लांबच्या एका पाण्याच्या टाकीकडे बघायचं आणि कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. टाकीपर्यंत चालत जायची गरज नाही. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण, तिच्यावरून आणखी पुढचा. प्रत्यक्ष जमीन मोजायची ती एकदाच, पहिली रेषा. तिला आधाररेषा म्हणतात.

लॅम्ब्टनची पहिली आधाररेषा मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याला मोजली गेली. मोजणी सुरू झाली १० एप्रिल १८०२ ला, भर उन्हाळ्यात. लांबी सुमारे साडेसात मैल. पोलादी साखळी १०० फुटांची, अडीच फुटांच्या ४० कड्यांची, आणि ती ४०० वेळा टाकायची. साखळी जमिनीवर लोळवायची नाही, लाकडी पेट्यांच्या ओळीत सरळ ठेवायची, वरून सावली करायची आणि शेजारी थर्मामीटर ठेवायचे.

थर्मामीटर का? पोलाद १० अंश सेल्सियसने तापलं की १०० फुटांमागे साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतं. एवढ्याशाने काय होतंय असं वाटेल. पण एका अक्षांशाच्या लांबीवर हीच चूक बारा-साडेबारा मीटरची होते. शोधायचा फरक सव्वाशे मीटर आहे हे आठवा. थर्मामीटर विसरला तर शोधाचा दहावा हिस्सा तिथेच गेला.

कोनांचंही तसंच. एक अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला. कोनात एका विकलेची चूक झाली तर ५० किलोमीटरवरचा बिंदू सुमारे २४ सेंटिमीटर सरकतो. म्हणून लॅम्ब्टनने लंडनहून ३६ इंची वर्तुळाचा थिओडोलाइट करवून आणला होता. वजन अर्ध्या टनाच्या आसपास. येताना फ्रेंचांनी ते जहाजच पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. पण ते कशासाठी आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने सन्मानाने पाठवून दिलं. युद्ध चालू असताना!

लाकडाच्या वखारीतला धडा

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. चार वेळा मोजून चूक का दिसली नाही?

लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार, नावातच आहे. एकदा एका वखारीत सागाचं ओंडकं कसं मोजतात ते बघत उभी होते. टेपने मधोमध गोलाई घेतली, तिचा चौथा भाग केला, त्याचा वर्ग केला, लांबीने गुणलं. झाले घनफूट. मी घरी येऊन गणित केलं. ओंडकं अगदी गोल धरलं तर खऱ्या घनफळापेक्षा हे उत्तर साडेएकवीस टक्क्यांनी कमी येतं. दुसऱ्या दिवशी वखारवाल्या काकांना सांगितलं तर ते हसले. “बेटा, बाजारात सगळेच असं मोजतात. साल जाते, कापताना भुसा जातो, तो कोण धरणार?”

काकांचं बरोबरच आहे. घेणारा आणि विकणारा दोघांनाही नियम माहीत आहे, त्यामुळे फसवणूक कोणाचीच नाही. पण संशोधक म्हणून बघा. तेच ओंडकं दहा माणसांनी दहा वेळा मोजलं तरी उत्तर जवळपास तेच येईल. दहाही वेळा ते साडेएकवीस टक्क्यांनी कमीच असेल. पुन्हा पुन्हा मोजण्याने ही चूक कधीच दिसणार नाही. ओंडकं पाण्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, म्हणजे वाटच बदलली, तरच दिसेल.

त्रुटी दोन जातींच्या असतात. एक यादृच्छिक: हात हलला, डोळा चुकला, कधी जास्त कधी कमी. ती वारंवार मोजून, सरासरी काढून कमी होते. दुसरी व्यवस्थित त्रुटी, म्हणजे दर वेळी एकाच बाजूला ढकलणारी. तिला पुनरावृत्तीचा काही फरक पडत नाही. माझी नदी चार वेळा सरकली कारण मी चारही वेळा तेच शीट, तेच सॉफ्टवेअर आणि तीच चुकीची सेटिंग वापरली. मी स्वतःला तपासत नव्हते, स्वतःचीच री ओढत होते.

लॅम्ब्टनने काय केलं?

त्याने वाट बदलायची सोय योजनेतच करून ठेवली होती. मद्रासहून त्रिकोण मोजत मोजत तो बंगळूरला पोचला. मधलं अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. तिथे १८०४ मध्ये आणखी एक आधाररेषा आखली. तिची लांबी त्रिकोणांच्या गणिताने आधीच निघत होती. तरीही ती साखळीने प्रत्यक्ष मोजली. सात मैलांच्या त्या रेषेत गणित आणि साखळी यांच्यात फरक निघाला सुमारे चार इंच.

गणिताची वाट कोनांतून आली होती आणि साखळीची वाट जमिनीवरून. दोघींच्या चुका वेगळ्या होत्या, तरी उत्तर जुळलं. म्हणून ते विश्वासार्ह. पुढे तो हे करतच राहिला: कोइंबतूर १८०६, तिरुनेलवेली १८०९, गुत्ती १८११, बीदर १८१५, आणि शेवटी आपल्या वऱ्हाडात एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, १८२२. दर टप्प्यावर स्वतःलाच विचारायचं, मी आतापर्यंत चुकत तर आलो नाही ना?

प्रत्येक वेळी जुळलं असंही नाही. बंगळूरजवळच्या एका ठाण्यावरून काढलेला अक्षांश बाकीच्या आकड्यांत बसेना. अक्षांश ताऱ्यांवरून काढतात आणि ‘सरळ वर’ कुठे हे ओळंबा ठरवतो. अक्षांशात एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर ३० मीटर. चार विकला चुकल्या की सव्वाशे मीटरचा सगळा शोधच बुडाला. त्याने तो आकडा गुपचूप गाळला नाही. मोजणी दक्षिणेकडे वाढवली, आणखी ठाणी घेतली, आणि मग लिहिलं की तिथे जमिनीखाली काहीतरी जास्त घनतेचं असावं, ते ओळंब्याला बाजूला खेचतंय. न जुळणारा आकडा त्याने एक प्रश्न म्हणून नोंदवला. ओळंब्याचं हे विचलन पुढे भूभौतिकीचा एक मोठा विषय झालं.

१८०८ मध्ये तंजावरला दुसरी परीक्षा झाली. सपाट मुलखात उंच जागा हवी म्हणून थिओडोलाइट मोठ्या मंदिरावर चढवत होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लंडन तर महिन्यांच्या अंतरावर. लॅम्ब्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून ते वर्तुळ थोडं थोडं खेचत पुन्हा गोल केलं. अशा यंत्रावर विश्वास ठेवायचा कसा? उत्तर तेच: पुढची आधाररेषा सांगेल.

“याचा उपयोग काय?”

हा प्रश्न त्यालाही चुकला नाही. द्वीपकल्पाची रुंदी मद्रास ते मंगळूर ४०० मैल मानली जात होती, त्याने ती ३६० च्या आसपास असल्याचं दाखवलं. नकाशातून ४० मैल गायब! तरीही खर्चावर बसलेल्या एका अधिकाऱ्याने टोमणा मारला की श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयाला सांगितलं की तो बरोबर नेतो, नकाशा कशाला? त्याच्या बाजूने उभे राहिले ते इंग्लंडचे राजखगोलज्ञ मॅस्कलिन. १८१७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं, आणि १ जानेवारी १८१८ पासून त्याच्या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळालं. त्याच वर्षी त्याच्या हाताखाली एक तरुण अधिकारी आला. नाव जॉर्ज एव्हरेस्ट.

नागपूरच्या झिरो माइलला गेलात तर एका दगडावर ‘जीटीएस’ ही अक्षरं दिसतील. ती याच खात्याची. फक्त तो दगड १९०७ चा आणि उंची मोजण्यासाठीचा आहे, लॅम्ब्टनशी त्याचा थेट संबंध नाही.

हिंगणघाट आणि त्यानंतर

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटच्या हाती गेला होता. मोजणीची रेषा उत्तरेकडे सरकत होती, म्हणून हैदराबादचा मुक्काम हलवून नागपूरला न्यायचं ठरलं. लॅम्ब्टन तेव्हा सत्तरीच्या आसपास, फुप्फुसाच्या आजाराने खोकत होता, तरी निघाला. हिंगणघाटच्या पुढे येऊ शकला नाही. सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा प्रदेश त्याच्या त्रिकोणांनी बांधला गेला होता. मसुरीपर्यंत जाणारी रेषा मात्र विदर्भातच थांबली.

यापुढचा भाग मला सगळ्यात अवघड गेला. एव्हरेस्टने नवी, जास्त चांगली साधनं आणून बीदरपासून उत्तरेकडचं काम पुन्हा मोजलं. म्हणजे आपल्या वऱ्हाडातली लॅम्ब्टनची शेवटची आधाररेषा मागे पडली. १८६० च्या दशकात बंगळूर आणि कन्याकुमारीच्या आधाररेषाही नव्याने मोजल्या गेल्या. एव्हरेस्टचं नाव सर्वोच्च शिखराला मिळालं, त्या शिखराच्या उंचीचं गणित करणाऱ्या राधानाथ सिकदारांना बराच काळ कोणी विचारलं नाही, आणि लॅम्ब्टन हिंगणघाटलाच राहिला.

मग वीस वर्षं वाया गेली का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण पुन्हा मोजता आलं कशामुळे, ते बघा. त्याने कुठून मोजलं, कोणत्या साखळीने, किती तापमानाला, कुठे जुळलं, कुठे नाही, हे सगळं लिहून ठेवलं होतं. त्याची चूक काढण्याची पद्धत त्यानेच पुढच्यांना दिली होती. एव्हरेस्टच्या आकारालाही हाच नियम लागला: भारतातल्या चापमोजणीवर उभा राहिलेला तो आकार आपल्या टोपोशीटांनी दीडशेहून जास्त वर्षं वापरला, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठीच्या शीटांना डब्ल्यूजीएस ८४ वर आणलं. या दोहोंमधल्या फरकातच माझी नदी सरकली होती.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तीन प्रश्न कागदावर लिहा. मला किती छोटा फरक शोधायचा आहे, आणि माझी साधनं तेवढा फरक दाखवू शकतात का? माझं उत्तर तपासायची दुसरी, वेगळ्या चुकांची वाट कोणती? आणि माझं काम उद्या कोणी पुन्हा करायला घेतलं, तर त्याला लागणारं सगळं मी लिहून ठेवलंय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तेच पुन्हा करून बघेन’ असं येत असेल, तर थांबा. माझ्यासारखी चार वेळा स्लाइड बनवू नका.

माझ्या प्रबंधात आता ‘त्रुटी आणि मर्यादा’ हे प्रकरण शेवटची दोन पानं नाही. ते तिसरं प्रकरण आहे, निष्कर्षांच्या आधी. त्यात नाग नदीचा तो जुना नकाशा मी मुद्दाम ठेवलाय, शेजारी रेल्वे लाइनसकट.